उत्तरेची गॅलरी आणि रुसलेली तुळस

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरी उत्तरेला, चार बाय आठ फुटांची. गेल्या वर्षी समोर अकरा मजली इमारत उभी राहिली आणि होता नव्हता तो उजेडही गेला. तुळस टिकत नाही, पानं काळी पडून गळतात. मोगऱ्याला नुसती पानं येतात, कळी नाही. मी रोज न चुकता सकाळी पाणी घालते, दर पंधरा दिवसांनी खत घालते. सासूबाईंना घरात तुळस हवीच आहे. काय करू?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : ‘रोज न चुकता’ इथेच थांबले. सावलीतली झाडं अंधारानं कमी आणि पाण्यानं जास्त मरतात. ऊन नाही म्हणजे पानांतून पाणी उडत नाही, मुळंही ते ओढत नाहीत. माती ओलीच राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून झाड मान टाकतं. आपल्याला वाटतं, बिचारं तहानलंय. की घातला आणखी एक तांब्या! तेव्हा आजपासून घड्याळाकडे बघून पाणी घालणं बंद. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा, ओल लागली तर परत फिरा. पावसाळ्यात मध्ये चार-पाच दिवस गेले तरी घाबरू नका. खतही तूर्त थांबवा. कमी उजेडात झाड सावकाश वाढतं, त्याला एवढं खाणं लागत नाही. पुढची कुंडी घ्याल ती मातीची आणि झाडाच्या मानाने लहानच घ्या. प्लास्टिकच्या मोठ्या कुंडीत ओल आठवडाभर हटत नाही.

आता उजेडाचं. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेने जातो. शिवाय मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या भिंतीला लागतं. (जूननंतर ढगच असतात म्हणा.) त्यातलं समोरच्या इमारतीने किती गिळलं, ते घरीच तपासा. दुपारी गॅलरीत पांढरा कागद ठेवून त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावली फिकट, पसरट पडली तर पानांची झाडं मजेत राहतील. सावली ओळखूच आली नाही, तर मनी प्लांट, स्नेक प्लांट आणि झीझी यांच्यापलीकडे पैसे घालवू नका.

तुळशीला रोज चार-पाच तास तरी थेट ऊन लागतं. सासूबाईंना हे माझ्या नावावर सांगा. त्यातून तुळशीचं लग्न येतं कार्तिकात. सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, तुमच्या गॅलरीत ऊन शून्य. मार्ग एकच, दोन कुंड्या ठेवायच्या. एक सोसायटीच्या गच्चीवर, एक घरात, आणि दर आठवड्याला अदलाबदल. चेअरमन गळतीचं कारण काढतील. कुंडी विटांवर ठेवते, खाली ताटली ठेवते, ताटलीत पाणी साचू देत नाही, असं आधीच सांगून टाका. मोगऱ्याची मात्र माया सोडा आणि पश्चिमेची गॅलरी असलेल्या एखाद्या मैत्रिणीला तो देऊन टाका. फुलंच हवी असतील तर पीस लिली लावा, नाहीतर नर्सरीत इम्पेशन्स म्हणून मिळतो तो तेरड्याचा परदेशी भाऊ. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, हा मात्र चांगल्या उजेडात कितीतरी महिने फुलतो.

पण मी तुमच्या जागी असते तर नागवेल लावली असती. विड्याचं पान मुळात सावलीचंच. आपल्याकडचे पानमळेवाले वेलाला आधार आणि सावली मिळावी म्हणून शेवरी, हादगा, पांगारा मुद्दाम लावतात. तुम्हाला ती सावली बिल्डरने फुकट दिली आहे! दोन-तीन पेरांचा तुकडा, एक पेर मातीत. माती दोन भाग, गांडूळखत एक भाग, आणि एक भाग वाळू किंवा विटांचा चुरा. नर्सरीतली नुसती लाल माती नको, ती दगडासारखी बसते. वेलाला काथ्या गुंडाळलेली काठी द्या, कारण त्याची पेरांतली मुळं तिला धरून वर चढतात. पाणी मातीपेक्षा काथ्यावर शिंपडा. मार्च ते मे पुण्याची हवा कोरडी, तेव्हा दोनदा शिंपडलं तरी चालेल. सासूबाईंना पूजेला घरचं पान मिळालं की तुळशीवरून होणारी बोलणी निम्म्यावर येतील.

सोबत पानओवा लावा, भजीला उपयोगी पडतो. मंडईतून पुदिन्याची जुडी आणली की पानं चटणीला वापरायची आणि जाड काड्या पाण्यात ठेवायच्या. मुळं फुटली की कठड्याजवळ, सगळ्यात उजेडाच्या जागी लावा. टोमॅटो, मिरचीच्या नादी लागू नका.

प्रश्न : मनी प्लांटच्या कुंडीतून बारीक चिलटं उडतात. चहाचा चोथा घालतो, बाकी काही नाही. औषध कोणतं मारू?
– एक वाचक, औंध

उत्तर : औषध राहू द्या, चोथा बंद करा. दूध-साखरेचा चोथा न धुता ओल्या मातीवर टाकला की त्यावर बुरशी येते आणि चिलटांच्या अळ्या तीच खातात. वरचा इंचभर थर खरवडून काढा आणि पुढचं पाणी तो भाग पूर्ण वाळल्यावरच घाला. उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट कागद मिळतात, तेवढे पुरेत.

प्रश्न : जिन्याजवळच्या अंधाऱ्या कोपऱ्यात डिफेनबाखिया छान वाढलाय. नात आता रांगायला लागली आहे. ठेवू का?
– एक आजोबा, सिंहगड रस्ता

उत्तर : नको. त्याच्या पानात-देठात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कण्या असतात. चावलं तर तोंडाची आग होते आणि जीभ सुजते. अळू खाजतं तेही त्यामुळेच, पण ते आपण नीट शिजवून खातो. तुमचा मनी प्लांट खाली असेल तर तोही उंच टांगा. कोपऱ्यात स्पायडर प्लांट ठेवा. नातीने पानं ओढली तरी फार बिघडणार नाही. पण कुंडी तेवढी जड घ्या, म्हणजे अंगावर ओढली जाणार नाही.