साउथ कॅरोलायनात डेमोक्रॅट हरतातच, मग तिथल्या प्रायमरीला एवढं महत्त्व का?

नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीपुरती तुमची शंका रास्त आहे. तिथे शेवटचा जिंकलेला डेमोक्रॅट म्हणजे जिमी कार्टर, 1976 साली. पण प्रायमरीत ठरतो पक्षाचा उमेदवार, आणि तिथे डेमोक्रॅटिक प्रायमरीला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय असतात. 2020 मध्ये आधी मतदान झालेली आयोवा आणि न्यू हॅम्पशर ही राज्यं जवळपास गोरीच. पक्षाच्या सगळ्यात निष्ठावान, म्हणजे कृष्णवर्णीय मतदाराच्या मनात काय आहे, ते खऱ्या अर्थाने इथे कळलं.

त्या वर्षी बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे, नेवाडात दुसरे पण प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्सच्या बरेच मागे. आधीचे दोन प्रयत्न धरूनही तोवर त्यांनी एकही राज्य जिंकलं नव्हतं. 26 फेब्रुवारीला खासदार जिम क्लायबर्न यांनी त्यांना पाठिंबा जाहीर केला. कृष्णवर्णीय समाजात क्लायबर्न यांच्या शब्दाला फार वजन. 29 तारखेला बायडनना 48 टक्क्यांहून जास्त मतं, सँडर्सना 20 च्या आसपास. आणखी एक उमेदवार टॉम स्टायर यांनी जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला होता. 11 टक्के मिळाले, पण उमेदवार निवडणारे प्रतिनिधी शून्य, कारण ते मिळायला किमान 15 टक्के मतांची अट.

राज्याचे प्रतिनिधी होते फक्त 54, त्यातले 39 बायडनना. एवढ्याने उमेदवारी मिळत नाही. खरी करामत तारखेची. तीनच दिवसांनी सुपर ट्यूसडे, 14 राज्यांत मतदान. रविवारी उमेदवार पीट बुटिजज शर्यतीतून बाहेर, सोमवारी एमी क्लोबुशार, आणि दोघांचाही पाठिंबा बायडनना. मंगळवारी 10 राज्यं बायडनची, त्यात प्रतिस्पर्धी एलिझाबेथ वॉरन यांचं स्वतःचं राज्य मॅसॅच्युसेट्ससुद्धा!

मी शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनात राहतो. आमच्याकडेही मतदान त्याच मंगळवारी, पण अर्ली व्होटिंग, म्हणजे त्याआधीच मत द्यायची सोय, नेमकी 29 तारखेला संपली. ऑफिसातल्या एकाने बुटिजजना आधीच मत देऊन टाकलं होतं. बिचाऱ्याचं मत मोजलं गेलं, पण उमेदवारच उरला नाही. मी नागरिक नसल्याने हसायला मोकळा.

पुढे बायडन अध्यक्ष असताना पक्षाने 2024 साठी पहिल्या प्रायमरीचा मान साउथ कॅरोलायनाला दिला, तारीख 3 फेब्रुवारी. परतफेडच म्हणा. न्यू हॅम्पशरने मात्र जुमानलं नाही. पहिली प्रायमरी आपलीच, असा त्या राज्याचा कायदाच आहे. त्यांनी ती 23 जानेवारीला उरकली. मतपत्रिकेवर बायडन यांचं नावच नव्हतं, तर लोकांनी ते हाताने लिहिलं आणि त्यांना जिंकवलं.