थायलंडला जातोय, मुलीला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, बाहेर खाताना काय काळजी घ्यावी?

जा बिनधास्त, पण रस्त्यावरच्या गाड्या टाळा, तिथे एकाच कढईत सगळं परततात आणि सोम तम (कच्च्या पपईचं सॅलड) तर एकाच खलबत्त्यात एकामागून एक कुटतात, त्यामुळे नुसतं शेंगदाणे नको म्हणून भागत नाही. पॅड थाई, साते, मसामन करी विसराच, त्यात शेंगदाणे असतातच. अॅलर्जीची माहिती थाई भाषेत छापलेलं कार्ड ठेवा, त्यात कढई-चमचा धुवून घ्या हेही असू दे, आणि वेटरने ते आत कुकला दाखवायलाच हवं. समोरचा नुसता हसून मान हलवत असेल तर सरळ उठा, लाज कसली त्यात! डॉक्टरांनी एपिनेफ्रिनचं पेन (अॅलर्जीचा जोरदार झटका आला की लगेच टोचायचं इंजेक्शन) दिलं असेल तर ते कायम जवळ, रूमवर नाही. जास्त त्रास झाला तर आधी पेन, मग लगेच १६६९, तिकडचा अॅम्ब्युलन्सचा नंबर.