चिलरचा सीओपी ११ आला तर पेढे वाटू नका

प्रश्न : कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातल्या एका रुग्णालयाचं मॉडेल एनर्जीप्लसमध्ये, म्हणजे इमारतीच्या वीजवापराचा हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलंय. एसीसाठी पाणी गार करणारा २०० टनांचा (१ टन म्हणजे ३.५१७ किलोवॅट कूलिंग) वॉटर-कूल्ड स्क्रू चिलर आहे, कंपनीच्या तक्त्यात सीओपी, म्हणजे एक युनिट विजेमागे मिळणारं कूलिंग, ५.४. वर्षाची सरासरी मात्र ११ येते. क्लायंट खूश आहे, मला धाकधूक आहे.

धाकधूक रास्त आहे. वर्षाची सरासरी बाजूला ठेवा आणि तासागणिक आकडे काढा. चिलरने दिलेलं कूलिंग भागिले खाल्लेली वीज. शेजारच्या रकान्यात त्या तासाचा पार्ट लोड (पूर्ण क्षमतेच्या किती टक्के काम चालू आहे तो) आणि कंडेन्सरला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला, येणाऱ्या पाण्याचं तापमान. अचाट आकडे बहुधा थंडीतल्या रात्री, कमी लोडवर सापडतील.

मग पार्ट लोडचा कर्व्ह तपासा, म्हणजे कोणत्या लोडला पूर्ण लोडच्या किती पट वीज लागते ते सांगणारी रेघ. पूर्ण लोडवर तो १ यायलाच हवा. पण २० टक्के लोडवर ०.०८ येत असेल, तर मशीन ८ टक्के वीज खाऊन २० टक्के कूलिंग देतंय. ५.४ चे तिथेच १३.५ झाले. आता इव्हॅपोरेटर (पाणी गार करणारा भाग) ५ अंशांवर आणि कंडेन्सिंग २७ अंशांवर धरून कार्नोची मर्यादा, म्हणजे कोणत्याही मशीनला ओलांडता न येणारा सीओपी, काढा : २७८ (५ अंश केल्विनमध्ये) भागिले २२ (दोन तापमानांतला फरक), म्हणजे १२.६. खरं मशीन याच्या बरंच खाली राहतं. तुमचं मॉडेल वर गेलंय.

असे कर्व्ह येतात एक्सेलमधून. कंपनीकडून चार बिंदू मिळतात, तेही ५० टक्क्यांच्या वरचे. त्यांतून बहुपदी (बिंदूंवर बसवलेलं समीकरण) काढली की खालचं टोक वाट्टेल तिकडे जातं. डेटा जिथवर आहे तिथेच कर्व्हची किमान मर्यादा बांधा. शिवाय एनर्जीप्लसच्या साध्या ईआयआर (वीज भागिले कूलिंग, सीओपीचं उलटं) मॉडेलला कंडेन्सरमध्ये शिरणाऱ्या पाण्याचं तापमान लागतं, रीफॉर्म्युलेटेड ईआयआरला बाहेर पडणाऱ्या पाण्याचं. एकाचे कर्व्ह दुसऱ्याला चिकटवले तरी रन पूर्ण होतो, म्हणूनच ते लक्षात येत नाही. आणि एरर फाइल वाचा हो! ‘वॉर्निंगच आहेत’ म्हणून सोडून देतात, पण कर्व्ह मर्यादेबाहेर गेल्याचं तिथेच लिहिलेलं असतं.

प्रश्न : इक्वेस्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिलरचा ०.६ किलोवॅट प्रति टन हा आकडा भरला. सीओपी जेमतेम १.६७ दिसतो.

१ भागिले ०.६ करून बघा. डिटेल्ड इंटरफेसमध्ये ईआयआर मागतात, किलोवॅट प्रति टन नव्हे. ०.६ ला ३.५१७ ने भागा, ०.१७१ भरा.

प्रश्न : मी विद्यार्थी आहे. प्रोजेक्टमध्ये सीओपीच्या जागी आयपीएलव्ही (वेगवेगळ्या लोडवरच्या कार्यक्षमतेची भारित सरासरी) भरला तर चालेल का? शेवटी वर्षभराचीच कार्यक्षमता हवी आहे.

नाही चालणार. पार्ट लोडचा फायदा आयपीएलव्हीत आधीच धरलेला असतो. मॉडेल तोच फायदा कर्व्हमधून पुन्हा देईल, म्हणजे एकाच मालाचं दोनदा बिल.

दुसरी अडचण आपल्या हवेची. एएचआरआय या अमेरिकी उद्योगसंस्थेच्या आयपीएलव्हीत वॉटर-कूल्ड चिलरच्या कंडेन्सरला ५० आणि २५ टक्के लोडवर १८.३ अंशांचं पाणी मिळतं असं गृहीत असतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात वेट बल्ब (ओल्या फडक्याच्या थर्मामीटरचं तापमान) २२ असेल आणि कूलिंग टॉवरचा अ‍ॅप्रोच (टॉवरचं पाणी वेट बल्बच्या जितकं वर राहतं तो फरक) ४, तर पाणी २६ च्या खाली येणारच नाही. पूर्ण लोडचा सीओपी भरा, कर्व्ह वेगळे द्या, बाकी वेदर फाइलवर सोडा. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं साधन) असलेला सेंट्रिफ्यूगल चिलर गार पाण्यावर, अर्ध्या लोडला ९-१० दाखवेल. तो आकडा खोटा नाही. मात्र तो काही तासांपुरता असतो.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतला कारखाना, एकच शिफ्ट. १५० टनांचा चिलर, सीओपी ५. रात्रीचे आकडे १.४ वर येतात. मॉडेल चुकलंय का?

रात्री काय चालू असतं? बहुतेक सर्व्हर रूम, तीनेक टन. म्हणजे दोन टक्के लोड. मशीन २५ टक्क्यांच्या खाली अनलोड होत नसेल, म्हणजे त्याखाली वीज आणखी कमी करता येत नसेल, तिथे ३५ टक्के वीज खात असेल आणि मॉडेलमध्ये किमान पार्ट लोड १० टक्के भरला असेल, तर १० टक्के कूलिंगला ३५ टक्के वीज जाते. सीओपी ५ चा १.४. त्याच्या खाली चिलर चालू-बंद होत राहतो, गुणोत्तर तेच.

म्हणजे मॉडेल खरं बोलतंय. कर्व्ह ‘सुधारायला’ जाऊ नका. रात्री फिरणाऱ्या पंपांची वीज तर या १.४ मध्ये धरलेलीच नाही. मालकांना तो आकडा दाखवा आणि सर्व्हर रूमला दोन स्प्लिट एसी लावायला सांगा, एक चालू, एक स्टँडबाय.