ती वही रद्दीत घालू नका

पत्र असं आहे: "आम्ही सिंहगड रस्त्याला, एकतानगरीजवळ राहतो. मुलगी समाजशास्त्र घेऊन बी.ए. करतेय, दुसरं वर्ष. जुलै २०२४ मध्ये आमच्या भागात पाणी शिरलं, तेव्हापासून तिनं एकच धरलंय: संकटात समाज कसा वागतो यावर पीएच.डी. करायची. पूर ओसरल्यावर महिनाभर वही घेऊन सोसायट्या पालथ्या घालत होती. पानशेतच्या पुरात माझ्या आईचं शनिवार पेठेतलं घर गेलं. आई तेव्हा चौदा वर्षांची. त्या लोकांनी संशोधन केलं नाही, घरं पुन्हा उभी केली. मी म्हणतो, समाजसेवा करायचीच असेल तर आधी बँकेची परीक्षा दे. माझं चुकतंय का?"

नमस्कार,

वहीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, तेही तक्रारीच्या सुरात. माझं मन मात्र तिथंच अडकलं, म्हणून मी तुमच्या लेकीला ती वही घेऊन बोलावलं. पाण्यानं कडा फुगलेली साधी शंभर पानी वही. प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले रकाने: इमारत, मजला, पाणी सोडल्याचं किती वाजता कळलं, कुणाकडून कळलं. शेवटच्या रकान्यात 'वॉचमन', 'दूधवाला', 'वरच्या काकूंनी दार वाजवलं'. एका ठिकाणी 'मेसेज आला होता, पण झोपेत होतो'. हा रकाना का घातलास, असं मी विचारलं. ती म्हणाली, "खडकवासल्याचं पाणी सगळ्यांच्या दारात जवळपास एकाच वेळी आलं. बातमी मात्र तशी आली नाही. असं का?"

तुम्ही याला समाजसेवा म्हणताय, पण हा समाजसेवेचा प्रश्न नाही. मदत करणारी माणसं पुण्यात पुष्कळ आहेत, आणि ती हवीतच. बातमी कुणापर्यंत पोचली नाही आणि का, हे शोधणारी फार थोडी.

आणि हे खूळ कालपरवाचं नाही. १९१७ च्या डिसेंबरात कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट होऊन शहर उद्ध्वस्त झालं. तिथले एक धर्मोपदेशक, सॅम्युअल प्रिन्स, यांनी त्या शहराच्या सावरण्यावर कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. केली. १९६३ मध्ये अमेरिकेत याच विषयाला वाहिलेलं संशोधन केंद्र निघालं. तिथल्या अभ्यासकांनी एक मोठा गैरसमज खोडून काढला. संकटात लोक सैरावैरा पळतात, लुटालूट करतात असं आपण धरून चालतो; प्रत्यक्षात तसं क्वचित होतं, आणि पहिला हात देतो तो बहुतेकदा शेजारी. तिच्या वहीतल्या वरच्या काकू त्याच.

उलटं उदाहरण आपल्याच गावात आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता गेल्या. त्याच साली, त्याच पुण्यात, सरकारी घरझडत्यांच्या धास्तीनं लोक घरातला आजारी माणूस लपवत होते. अडाणी म्हणून लपवत होते? मला तसं वाटत नाही. दारात उभ्या राहणाऱ्या माणसावर विश्वास नसला की चांगला उपायही लोकांना झेपत नाही. पुढच्या साथीत दारावर कुणाला पाठवायचं, हे ठरवायला असा अभ्यास लागतो.

आता पोटापाण्याचं, आडपडदा न ठेवता. बी.ए. झाल्यावर दोन वर्षं एम.ए. पुणे विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग आहेच. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचं स्वतंत्र स्कूल आहे, तिथं तिनं जरूर प्रयत्न करावा. मग नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, पण ती थोड्यांनाच मिळते. पीएच.डी. संपेपर्यंत तिशी जवळ येईल. प्राध्यापकीच्या कायम जागा कमी आहेत, त्या आशेवर बसू नका. पण आपत्ती व्यवस्थापनाची सरकारी कार्यालयं, बाणेर रस्त्यावरची यशदा ही सरकारी प्रशिक्षण संस्था, पुनर्वसनावर काम करणाऱ्या संस्था, यांना क्षेत्रात जाऊन नीट माहिती गोळा करणारी माणसं लागतात.

एका गोष्टीवर मी तिच्याशी भांडलो, तुम्हीही भांडा. तिला संख्याशास्त्र नको आहे. "मला माणसांशी बोलायचंय," म्हणते. बोलावंच, पण चाळीस घरांचं उत्तर चार हजार घरांना लागू पडतं का, हे आकड्यांशिवाय सांगता येत नाही. या सुट्टीत संख्याशास्त्राचा पायाभूत कोर्स ही माझी अट आहे. तो तिनं मनापासून पुरा केला, तर तुम्ही बँकेचा हट्ट सोडा. अर्धवट टाकला, तर आपण तिघं पुन्हा बसू.

राहिलं तुमच्या आईचं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा जे मोठे होते त्यातले आता कितीसे उरलेत? चौदा वर्षांच्या मुलीनं काय पाहिलं, हे सांगणारीही आता फार दिवस मिळणार नाहीत. गोखलेनगर, सहकारनगर या भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, तिथं कोण कुणाच्या शेजारी गेलं, पेठेतला जुना शेजार टिकला का, हे आजींना ठाऊक असेल. वहीचं नवं पान काढून लेकीला आधी त्यांच्यापाशी बसू द्या. रकाने तेच: पाणी येतंय हे किती वाजता कळलं, आणि कुणाकडून. तुम्हीही जवळ बसा. मला वाटतं, तुम्ही आईला हे कधी विचारलेलं नाही.