जपानचा बॅडमिंटनपटू युता वातानाबे पुरुष आणि मिश्र अशी दोन्ही दुहेरी खेळत राहिला म्हणून त्याचं ऑलिम्पिक सुवर्ण हुकलं का?

बरेच जण असंच म्हणतात. मला मात्र ते पटत नाही, आणि तारखा लावून पाहिल्या तर हिशेबही जुळत नाही.

टोकियो ऑलिम्पिकपर्यंत तो खरोखर दोन दगडांवर पाय ठेवून होता: पुरुष दुहेरीत हिरोयुकी एंडोबरोबर, मिश्र दुहेरीत अरिसा हिगाशिनोबरोबर. पण त्याच काळात, मार्च 2021 मध्ये, ऑल इंग्लंड या मानाच्या बॅडमिंटन स्पर्धेची दोन्ही विजेतेपदं त्याने एकाच दिवशी जिंकली. (त्या वर्षी चीन-कोरिया आले नव्हते आणि इंडोनेशियाच्या संघाला कोविडच्या नियमांमुळे अर्ध्यावर बाहेर काढलं होतं, हे सांगायला हवं. तरीही एका दिवसात दोन अंतिम सामने खेळणं म्हणजे पायांची परीक्षाच.) टोकियोत मिश्रमध्ये कांस्य मिळालं, या प्रकारातलं जपानचं पहिलं ऑलिम्पिक पदक. पुरुष दुहेरीत तो आणि एंडो उपांत्यपूर्व फेरीत ली यांग-वांग ची-लिन यांच्याकडून हरले. याच तैवानी जोडीला गटात आपल्या चिराग-सात्विकने हरवलं होतं, आणि सुवर्ण शेवटी त्यांनीच नेलं!

टोकियोनंतर एंडो राष्ट्रीय संघातून बाहेर पडला आणि वातानाबेने मुख्यतः मिश्रवरच लक्ष दिलं. म्हणजे पाय मोकळे झाले. मग काय झालं? 2021 आणि 2022 च्या जागतिक स्पर्धेत रौप्य, 2023 ला कांस्य, पॅरिसला पुन्हा कांस्य. 2022 ची अंतिम फेरी तर टोकियोत, घरच्या प्रेक्षकांसमोर होती. तिथे आडवे आले ते चीनचे झेंग सिवेई-हुआंग याचिओंग, आणि पॅरिसच्या उपांत्य फेरीतही तेच. माझ्या मते खरं कारण हे आहे. त्या काळातली सर्वोत्तम मिश्र जोडी समोर होती.

उलट पुरुष दुहेरीने त्याला घडवलं असंच मी म्हणेन. उंची जेमतेम 167 सेंटीमीटर. नुसत्या ताकदीवर तो कुणाला भारी पडणार नव्हता. पण डावखुऱ्या हाताने कमरेजवळून परतवलेले स्मॅश, नेटपाशी शेवटच्या क्षणी मनगट वळवून भलतीकडेच टाकलेलं फूल (शटल), ही चपळाई पुरुष दुहेरीच्या माऱ्यात तासून निघते. मिश्रमध्ये सहसा पुरुष मागे आणि स्त्री पुढे. या जोडीत हिगाशिनोचा स्मॅश इतका जबरदस्त की ती मागून मारायची आणि वातानाबे पुढे येऊन गुण संपवायचा.

ही समज काही एका मोसमात आली नव्हती. दोघंही फुकुशिमातल्या तोमिओकाच्या शाळेत शिकले, तो टोकियोहून आलेला, ती होक्काइदोहून. 2011 च्या भूकंपानंतर अणुभट्टीच्या दुर्घटनेमुळे ते गाव रिकामं करावं लागलं आणि बॅडमिंटनची मुलं इनावाशिरोला हलली. एकेरीतला माजी जगज्जेता केंतो मोमोताही त्याच शाळेचा.

पॅरिसनंतर ही जोडी फुटली आणि तो माया तागुचीबरोबर खेळू लागला. जुना एकच सामना पाहायचा असेल तर 2018 च्या ऑल इंग्लंडची मिश्रची अंतिम फेरी शोधा. समोर झेंग-हुआंगच आहेत, आणि पहिला गेम गमावून वातानाबे-हिगाशिनो जिंकतात.