ए२ नंतर जर्मन अडतंय? डिप्लोमा सोडू नकोस

तू लिहिलंस की जर्मनच्या ए२ पातळीपर्यंत (पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात) मार्क छान पडले, पण पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये डिप्लोमाला आल्यापासून वर्गात सगळं कळूनही बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही, बातम्या तर डोक्यावरून जातात. म्हणून कोर्स सोडून 'तीन महिन्यांत बी२' छाप क्लास लावू का, असं विचारलंस. नको लावूस. निदान आत्ता तरी.

ए१-ए२ला तक्ते पाठ करून निभावतं. गाळलेल्या जागा भरल्या, मार्क मिळाले. बी१पासून वाक्यं लांबतात आणि तिथे आपली मंडळी नको तो वळसा घेतात: मनात वाक्य इंग्रजीत जुळवायचं आणि मग ते जर्मनमध्ये ओतायचं. कशाला? हे बघ:

वाइल इश हॉयटे मिट माइनर मुटर नाख मुंबई फारे.
कारण मी आज आईबरोबर मुंबईला जातेय.

क्रम तोच. आधी केव्हा, मग कोणाबरोबर, मग कुठे, आणि क्रियापद शेवटी. इंग्रजीत हेच सगळं उलट्या क्रमाने येतं. तेव्हा वाइल (कारण), दास (की), वेन (जर), ओबवोल (जरी) यांनी सुरू होणारं उपवाक्य बिनधास्त मराठीतून विचार करून बोल. मुख्य वाक्यात मात्र क्रियापद दुसऱ्या जागी, तिथे मराठीच्या नादी लागू नकोस. लिंगांचंही तसंच. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत, पण तिकडे सूर्य स्त्रीलिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी!

दुसरी अडचण क्रियापदाला चिकटून येणाऱ्या शब्दयोगींची. वार्टेनला (वाट बघणं) आउफ, टाइलनेमेनला (भाग घेणं) आन, आबहेंगेनला (अवलंबून असणं) फॉन. पुढे कधी अक्कुझाटिव्ह विभक्ती, कधी डाटिव्ह. याला तर्क लावत बसलीस किंवा बसलास तर वेड लागेल. वहीत सुटं क्रियापद आणि त्याचा अर्थ लिहिणं आजपासून बंद. 'इश वार्टे आउफ डेन बुस' (मी बसची वाट बघतेय) असं अख्खं वाक्य लिही. शब्दयोगी, विभक्ती, लिंग, तिन्ही एकदम पदरात पडतात. (शिवाय पीएमपीच्या कृपेने पुण्यात हे वाक्य रोज वापरता येतं.)

ऐकण्यासाठी डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या घे. साइटवर ऑडिओबरोबर मजकूरही असतो. आधी मजकूर न बघता ऐक, मग वाचत ऐक, आणि कागदावर ओळखीचा असूनही कानाने सुटलेला प्रत्येक शब्द अधोरेखित कर. बहुतेक वेळा गोची वाक्याच्या शेपटाशी सापडते. 'दी कॉन्फेरेन्झ फिन्डेट आम मोंटाग इन बर्लिन श्टाट.' फिन्डेट ऐकल्याबरोबर डोकं 'सापडतं' म्हणून मोकळं होतं, आणि शेवटचा श्टाट निसटला की परिषद सोमवारी बर्लिनला भरणार आहे हे कळतच नाही. वेगळं होणारं क्रियापद शेवटपर्यंत धरून ठेवायची सवय कानाला लागावी लागते. ती लागली की जर्मन टीव्हीवरच्या टागेसशाऊच्या रात्री आठच्या पंधरा मिनिटांच्या बातमीपत्राकडे वळ. त्याआधी गेल्यास नुसती निराशा.

बोलण्याचं काय? वर्गातली एक व्यक्ती पकड आणि तास सुटल्यावर एफसी रोडवर चहा होईपर्यंत फक्त जर्मन. लाज वाटते, वाटू दे.

आता क्लासबद्दल. असे क्लास परीक्षेचा साचा घोटून घेतात, आणि तेवढ्यापुरते ते बरे असतात. परीक्षा दीड-दोन महिन्यांवर आली की लाव. पण लांब उतारे वाचून घेणारे, वर्षभर तुझ्या त्याच त्या चुका बघणारे शिक्षक तिथे मिळणं कठीण. दर आठवड्याला अर्धं पान लिहून शिक्षकांकडे ने. बहुतेक जण तपासून देतात, मुलंच मागत नाहीत.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी१ परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग आहेत. प्रत्येकात १००पैकी ६० हवेत, आणि ते सुटे सुटेही देता येतात. बी२लाही तीच सोय आहे. म्हणजे श्रवण कच्चं असेल तर बाकीचे तीन आधी उरकून घे. आणि जर्मनीत जर्मन माध्यमातून पदवी करायचा विचार असेल, तर बी१वर भागणार नाही. तिथे सहसा टेस्टडाफ या जर्मन परीक्षेच्या चारही भागांत पातळी ४ किंवा मग विद्यापीठांच्या डीएसएच परीक्षेची दुसरी पातळी (डीएसएच-२) मागतात. त्या हिशेबाने तुझ्या हातात किती वर्षं आहेत ते कळव, मग पुढचं बोलू.