कस्टमर म्हणतो आयएसओ १४००१ घ्या, मग घ्यायचं का?

प्रश्न: भोसरीत आमचं मशीनिंगचं छोटं वर्कशॉप आहे, १८ माणसं. मोठ्या कस्टमरनं कळवलंय की आयएसओ १४००१ (पर्यावरण सांभाळायच्या सिस्टिमचं सर्टिफिकेट) नसेल तर पुढच्या ऑर्डरचं अवघड आहे. आमच्याकडे ना चिमणी ना बॉयलर, प्रदूषण कसलं? लोक हे का घेतात, भिंतीवर लावायला?
– एक वाचक, भोसरी

उत्तर: खरं सांगू का, बरेच जण कस्टमरनं सांगितलं म्हणूनच घेतात, त्यात लाजायचं काही नाही. हे स्टँडर्ड आलं १९९६ ला, पण १९९९ मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्सनं सप्लायरांना मुदतच घालून दिली तेव्हा गाड्यांच्या धंद्यात सगळे धावले. आता आपल्याकडेही शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण वगैरेचा रिपोर्ट सक्तीचा केलाय, मग त्यांचे प्रश्न तुमच्या दारात येणारच.

पण ते "प्रदूषण कसलं" काही पटलं नाही बुवा. कूलंट, म्हणजे मशीनिंग करताना टूल थंड ठेवणारं तेलकट पाणी, बदलता तेव्हा जुनं कुठं जातं? एका ओळखीच्या शॉपमध्ये हेच विचारलं तर मालक म्हणाले पोरं बघतात, आणि पोरं म्हणाली मागच्या गटारात! वापरलेलं तेल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं, उद्या एमपीसीबीचा (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) माणूस आला तर नोटीस मालकाच्या नावानं निघते, पोरांच्या नाही. या सिस्टिममध्ये पहिलं काम हेच, शॉपमध्ये काय येतं, काय सांडतं, काय बाहेर जातं, कुठला कायदा लागतो ते लिहून काढायचं. त्याच शॉपमध्ये रविवारी सगळी मशीनं बंद असताना कॉम्प्रेसर आपला थोड्या थोड्या वेळानं सुरू होत होता, म्हणजे हवेच्या लाइनला गळती आणि बिल चालू, वर्षानुवर्षं कुणाचं लक्षच नाही.

एक गैरसमज मात्र नको, स्टँडर्डमध्ये 'एवढंच सांडपाणी चालेल' असा आकडा कुठंच नाही, मर्यादा कायदा ठरवतो, त्यामुळं सर्टिफिकेट असलेली कंपनी स्वच्छच असेल असं नाही आणि एमपीसीबीची संमती वेगळी घ्यावीच लागते. आयएसओ ही स्टँडर्ड बनवणारी आंतरराष्ट्रीय संस्था, ती स्वतः सर्टिफिकेट देत नाही, देणाऱ्या एजन्सीला एनएबीसीबीची (अशा एजन्सींना मान्यता देणारं भारतातलं मंडळ) मान्यता आहे का ते बघा. सर्टिफिकेट ३ वर्षांचं, पण ऑडिट दरवर्षी, त्याचे पैसे कोटेशनमध्ये धरलेत का ते आधीच विचारून घ्या. आणि कन्सल्टंट दुसऱ्याच कारखान्याची फाइल नाव बदलून देत असेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.